विनुताबाईंच्या मुंग्या

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत विनुताबाईंचं घर कुठे, असं विचारलंत तर लोक विचारात पडतील. पालीवाल्या टीचर कुठे राहतात, असं विचारा. पोरं दारापर्यंत आणून सोडतील. शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, त्याची कोणाला आठवण नाही. निवृत्त झाल्यावर पालीवर एक चित्रांचं पुस्तक लिहिलं आणि तेच नाव चिकटलं. मग गाढवावर एक आलं, मग घुशीवर. घुशीचं पुस्तक वाचून समोरच्या भुवनाच्या धाकट्याने पिंजऱ्यात सापडलेली घूस गुपचूप सोडून दिली, तेव्हा भुवनाने विनुताबाईंशी चांगला आठवडाभर अबोला धरला. बाईंना त्या अबोल्याचा मनातून आनंदच झाला होता. पुस्तकाचा इतका उपयोग झालेला कोणत्या लेखकाला आवडणार नाही?

लिहिण्याची त्यांची तऱ्हा जगावेगळी. आधी घरच्या मराठीत लिहायचं, पण तमिळ अक्षरांत. कारण देवनागरी वाचायला घेतली की त्या स्वतःच पहिलीतल्या पोरीसारख्या अडखळतात. मग त्याचं तमिळ करायचं. छापलं जातं ते तमिळ. मराठी कागद घरातच राहतो, नातीला वाचून दाखवण्यापुरता. ‘हिशेब मज तमिळमध्ये सुचतो, राग इंग्रजीत येतो, पण कीव येते ती मराठीतच,’ असं त्या सांगतात, आणि ऐकणारा हसला तर त्यांना राग येतो. इंग्रजीत.

नवं पुस्तक मुंग्यांवर होतं. एक आजी रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढते. एक मुंगी त्यातला कण उचलून वारुळातल्या म्हाताऱ्या आईसाठी नेते. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणी येतात, तिसऱ्या दिवशी सगळं गाव. शेवटच्या पानावर आजी म्हणते, ‘आमच्या दारी कोणी उपाशी राहत नाही.’ रांगोळी म्हणजे मुंग्यांचं जेवण, हे या गावात घरोघरी सांगतात. विनुताबाईंना त्यांच्या आईने सांगितलं, त्यांनी मुलाला, चेतनला सांगितलं, आणि आता चेतनची शांभवी सहामाहीच्या सुट्टीत बेंगळुरूहून आली होती, तिच्यासाठी तर पुस्तकच तयार होतं. चेन्नईच्या प्रकाशनातल्या नंदिताने चित्रांसकट सगळी पानं तपासायला म्हणून छापून पाठवली होती. शुक्रवारी विनुताबाईंनी होकार कळवायचा, की पुस्तक छपाईला जाणार आणि जानेवारीच्या पुस्तकमेळ्यात मांडलं जाणार. होकार काय, द्यायचाच होता.

धनुर्मास चालू होता. त्या महिन्यात दारातली रांगोळी नेहमीच्या चौपट मोठी. पहाटे विनुताबाईंनी सडा घातला, ठिपके मांडले, रेघा ओढल्या, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवलं. शांभवी पुस्तकाची पानं मांडीवर घेऊन पायरीवर येऊन बसली. चित्रातल्या मुंग्या बघून झाल्या होत्या, आता खऱ्या बघायच्या होत्या.

“अज्जी, कोणी येत नाही,” ती तमिळमध्ये म्हणाली. तिला घरची मराठी सगळी कळते. बोलते मात्र तमिळ.

“येतील की. अत्ता ऊन कोठे आलं आहे?”

ऊन आलं. शांभवीने तसं कळवलं.

“झोपल्या असतील अजून.”

“पुस्तकात त्या पहाटे उठतात.”

विनुताबाई कॉफी गाळायला आत गेल्या. डबऱ्यातली, म्हणजे पसरट पितळी वाटीतली, कॉफी घेऊन बाहेर येतात तो पोरगी ओणवी होऊन जमिनीला नाक लावून बसलेली. एक मुंगी आली होती, शांभवीने अहवाल दिला. रेघेपर्यंत आली, मिशा लावून पाहिल्या, आणि वळून बाजूने निघून गेली. तिला आवडलं नाही. “का, ताता?” तिने ओट्याकडे वळून आजोबांना विचारलं.

ओट्यावर बाईंचे यजमान सेतुमाधवराव पेपर वाचत बसले होते. पापनाशमच्या स्टेशनात तिकीट खिडकीमागे बसून बसून त्यांना एक सवय लागली होती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोलायचं तर थोडक्यात. त्यांनी पेपर खाली केला.

“अग, ते कोठे पीठ आहे? दगडाची पूड ती. दगड कोण खातं?”

आणि पेपर पुन्हा वर गेला.

विनुताबाई डबरा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. दगडाची पूड, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच? गाडीवाला गल्लीत ओरडत येतो तेव्हा त्याच त्याच्याकडून माप भरून घेतात. स्वस्त असते, पांढरीशुभ्र असते, चिमटीतून सरसर सुटते. पीठ काढायचं ते सणासुदीला, ओलं करून. इतकी वर्षं रोज पहाटे त्या दगड पसरत होत्या आणि मुंग्या जेवतात असं सांगत होत्या. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. आता याला चूक म्हणावं की खोटं? चूक म्हणावं तर माहीत होतं. खोटं म्हणावं तर मनात काही नव्हतं. बाईंना काही ठरवता येईना.

त्यांनी भुवनाला विचारलं. घुशीचं प्रकरण विसरून भुवना हसली. “सांगायचं असतं ते, अक्का. माझी आई सांगत होती, तिची आई सांगत होती. मुंग्या खातात की नाहीं हे पाहायला कोण बसलं?”

म्हणजे शांभवीच पहिली, विनुताबाईंच्या मनात आलं. त्यांनी चेन्नईला फोन लावला. नंदिताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “टीचर, पुस्तकात तांदळाचं पीठच लिहिलंय ना? मग पुस्तक बरोबर आहे. तुमचं घर चुकलंय.”

ही गोष्ट बाईंना एकदम पटली. पुस्तक दुरुस्त करायला वेळ लागतो, घर काय, हातासरशी होईल. त्यांनी तांदूळ धुऊन वाळवले, मिक्सरमध्ये काढले, चाळले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पिठाने रांगोळी घातली. रेघ जाड आली, ठिकठिकाणी तुटली. गल्लीतल्या बायका ती पाहून काही बोलल्या नाहीत, यावरूनच काय ते समजायचं.

पण मुंग्या आल्या. आधी एक, मग पाचसहा, आणि पायऱ्या उन्हाने तापायच्या आत लाल मुंग्यांची एक बारीक रांग गटाराच्या फटीतून रांगोळीपर्यंत लागली. शांभवीला आनंदाने काही सुचेना. ती त्यांना पुस्तक वाचून दाखवायला बसली, पान उलटताना चित्रं त्यांच्याकडे करून. विनुताबाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या आणि त्यांना वाटलं, आपण आयुष्यात काही बरं केलं असेल तर ते हे.

पुढचे दिवस घर मुंग्यांचंच झालं. आजी आणि नात सकाळ-संध्याकाळ पायरीवर. कोणती मुंगी मोठा कण उचलते, कोण वाटेत थांबून गप्पा मारते, मेलेली माशी किती जणी मिळून नेतात. बाईंना वाटे, हे आधी पाहिलं असतं तर पुस्तकात किती घालता आलं असतं. संध्याकाळी त्या तमिळ अक्षरांत मराठी टिपणं करत बसत, आणि सेतुमाधवरावांचे पाय राहून जात.

पायांचं असं होतं. रावांना साखरेचा आजार जुना. त्याने पावलांतली संवेदना हळूहळू गेली होती; खडा टोचला तरी कळत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज संध्याकाळी पाय नीट पाहायचे. यांनी डोळे मिटायचे, तुम्ही एकेका बोटाला हलकेच बोट लावायचं आणि विचारायचं, कळतंय का. ते काम विनुताबाईंचं. खरं तर त्यांनी ते कधी चुकवलं नव्हतं. आता मात्र एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “उद्या पाहते अं,” आणि राव म्हणाले, “पाहा ग तुझ्या मुंग्या, पाय कोठे जातात?” मग उद्याचंही तसंच झालं, आणि परवाचंही.

रांग एके दिवशी उंबरा चढून आत आली. भुवना काही मागायला आली होती, तिने पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, “अक्का, उंबऱ्यावर हळद टाका. आत शिरल्या की मग ऐकायच्या नाहींत.” विनुताबाईंनी हळदीचा डबा आणला. झाकण काढलं. शांभवी पानं छातीशी धरून समोर उभी होती.

“पुस्तकातली आजी हळद टाकत नाही,” ती म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

बाईंनी पुस्तकातली आजी आठवून पाहिली. खरंच, तिच्याकडे हळद नव्हती. तिचं दारही फक्त चित्रात होतं, त्याच्या आत काय आहे हे चित्रकाराने काढलंच नव्हतं. पण पोरीला हे कसं सांगावं? आणि दाराबाहेर दया, दाराच्या आत हळद, हा कुठला न्याय? त्यांनी डबा परत फळीवर ठेवला. मुंग्या भिंतीच्या कडेने पुढे गेल्या आणि सगळे जण त्यांना ओलांडून चालू लागले.

गुरुवारी दुपारी सेतुमाधवराव दहीभात जेवून नेहमीसारखे पुढच्या खोलीत चटईवर आडवे झाले. थोड्या वेळाने विनुताबाई त्यांच्या अंगावर चादर घालायला गेल्या. भिंतीकडेची रांग तिथे नव्हती. ती कोपऱ्यात वळून चटईवर चढली होती. बाईंची नजर तिच्या मागे मागे गेली. रांग रावांच्या डाव्या पावलावरून करंगळीपर्यंत पोचत होती आणि तिथे कापसाच्या एका पट्टीखाली दिसेनाशी होत होती. नव्या चपलेने फोड आला असणार. रावांनी स्वतःच काहीतरी चिकटवून टाकलं होतं. बोलले नव्हते, कारण कोणी विचारलं नव्हतं. पट्टीच्या कडेने लाल मुंग्या नुसत्या वळवळत होत्या. आणि राव शांत घोरत होते.

त्यानंतर आपण काय काय केलं हे विनुताबाईंना नंतर नीट आठवेना. पट्टी ओढून काढली. पाय झाडला, पुसला, धुतला. केरसुणीने चटई झोडपली. कॉफीसाठी उकळत असलेलं पाणी भांड्यासकट उचललं आणि भिंतीच्या कडेने, उंबऱ्यावर, पायरीवर, रांगोळीवर, गटाराच्या फटीपर्यंत ओतत गेल्या. दुसरं भांडं तापवलं, तेही ओतलं. रडत होत्या एवढं खरं. शांभवी दाराला चिकटून सगळं बघत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन उजेडात फिरवलं. करंगळी सुजून तांबूस झाली होती, फोडाची जखम खोल गेली होती.

“रोज पाहता ना पाय?” त्यांनी विचारलं.

विनुताबाई खाली वाकून रावांच्या चपला सरळ करू लागल्या.

“रोज पाहते ती,” सेतुमाधवराव म्हणाले. “काल रात्रीपर्यंत काही नव्हतं.”

डॉक्टरांनी एकदा रावांकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. “आज आणलंत ते बरं केलंत. आणखी दोनतीन दिवस गेले असते, तर आपण बोटाबद्दल बोलत बसलो असतो.” मलमपट्टी झाली, गोळ्या झाल्या, एक दिवसाआड या म्हणून सांगितलं.

रिक्षातून घरी येताना विनुताबाईंना नवऱ्याकडे बघवेना. रागवावं तर कोणावर? मुंग्यांवर? त्यांना तर आपणच दळून, चाळून आमंत्रण दिलं. पोरीवर? तिने आपलंच पुस्तक आपल्याला वाचून दाखवलं. त्या पुस्तकातलं कोणतं वाक्य चूक होतं, हे त्या रिक्षाभर शोधत होत्या आणि एकही सापडत नव्हतं. याच गोष्टीने त्यांचा गोंधळ आणखी वाढला.

घरापाशी उतरल्या तर दारात धपधप आवाज. भुवनाच्या भरवशावर ठेवलेली शांभवी आजीच्या चपला पायांत घालून पायरीवर उड्या मारत होती. गरम पाण्यातून वाचलेली एखाददुसरी मुंगी दिसली की दोन्ही पायांनी तिच्यावर. घाम आला होता, दात आवळले होते.

“ताताला चावल्या,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना मारणार.”

असं करू नये बाळ, हे विनुताबाईंच्या अगदी ओठावर आलं. आणि तिथेच अडलं. उकळत्या पाण्याची दोन भांडी ओतणाऱ्या बाईने हे कोणत्या तोंडाने म्हणावं? बरं, पोरगी करत होती ते आजोबांच्या मायेपोटीच. दुसऱ्याचं दुःख आपलं वाटावं, हेच तर त्या इतकी वर्षं लिहीत आल्या. पोरीला ते वाटत होतं. इतकं वाटत होतं की ती चिरडत सुटली होती. बाई रिक्षाचे पैसे देण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

सेतुमाधवराव बांधलेला पाय जपत ओट्यावर बसले. “शांभवी, इकडे ये,” ते म्हणाले.

ती आली. चपला फरफटत.

“मुंगी चावली की तू काय करतेस?”

“ओरडते. पाय झटकते.”

“मग ती काय करते?”

“पडते. पळून जाते.”

“पाहा. मी झटकलाच नाहीं. मज कळलंच नाहीं तर झटकणार कसा?” राव आपल्या पायाकडे बघत बोलत होते, दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तसं. “त्यांस काय ठाऊक? त्यांस वाटलं असेल, इथे कोणी नाहींच.”

शांभवीने बांधलेल्या पायाकडे पाहिलं, मग पायरीकडे. तिने चपला काढल्या. मुंग्यांना माफ केलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पण उड्या थांबल्या.

विनुताबाई पायरीवर बसल्या. ते वाक्य मुंग्यांसाठी होतं, नवरा मुंग्यांचीच बाजू घेत होता, त्यात टोमणा नव्हता. त्या माणसाला टोमणे येतच नाहीत. पण लागायचं तिथे ते लागलं. तीन-चार संध्याकाळी त्याच घरात, त्याच खोलीत, त्या पायापासून हातभर अंतरावर त्या लिहीत बसल्या होत्या. त्यानेही पाय झटकला नव्हता. बाईंनाही वाटलं होतं, इथे कोणी नाहीच. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी नंदिताचा फोन आला. पानं छपाईला पाठवू ना?

“नको. थांबव.”

“काय चुकलंय, टीचर? सांगा, आत्ता बदलते.”

“चुकलं काही नाही.”

“मग?”

विनुताबाईंनी सगळं सांगितलं. पीठ, उंबरा, हळद, करंगळी, पाणी, चपला. मग नंदिता समजुतीने म्हणाली की हे फार वाईट झालं, पण मुलांच्या पुस्तकात एवढं कशाला? हवं तर शेवटी एक ओळ टाकू, मुंग्यांना घराबाहेरच खायला द्या. निम्म्या मुलांच्या घरांना तर पायरीच नसते, ती सगळी फ्लॅटमध्ये राहतात. मेळा चुकला तर पुस्तक वर्षभर पडून राहील.

“राहू दे पडून.”

“पण तुम्हाला शेवटी मुलांना सांगायचंय तरी काय?”

“ते मला कळत नाही,” विनुताबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बाईंना बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. घुशीच्या वेळचा तो आनंद आठवला आणि तो खरा होता की नाही, याचीही शंका आली.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, पाट घेतला आणि नवऱ्याच्या पायांपाशी बसल्या. शांभवी विजेरी धरून शेजारी. डाव्या पायाला पट्टी होती, म्हणून उजवा मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाच पाहिली, तळवा पाहिला. मग रावांना डोळे मिटायला सांगितलं.

अंगठ्याला बोट लावलं. “कळतंय?”

“नाहीं.”

दुसऱ्या बोटाला लावलं. “इथे?”

“नाहीं.”

तिसऱ्यालाही नाही. चौथ्यालाही नाही. विनुताबाईंचा हात थांबला. मग हात पुढे न करताच, नुसतं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, “अत्ता?”

“होय की,” सेतुमाधवराव डोळे मिटूनच म्हणाले. “अत्ता कळलं.”

शांभवीने आजीकडे पाहिलं. विनुताबाईंचं बोट त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होतं.